शिकविणारे खेळ : छापण्याआधी खेळून पाहावेत

भारतीय चिकित्सापद्धती राष्ट्रीय आयोगाने २०२१-२२ पासून लागू केलेल्या पदवी अभ्यासक्रमात अध्यापनपद्धतींची जी यादी दिली आहे, तीत व्याख्यान, प्रात्यक्षिक, गटचर्चा यांच्याबरोबर खेळाधारित अध्ययनासही स्थान मिळाले आहे. ही गोष्ट स्वागतार्ह आहे. शास्त्र केवळ पाठांतराने हाती लागत नाही, हा आपल्या परंपरेचाच अनुभव आहे. तथापि, नवी पद्धती मान्य झाली की तिच्या नावावर काहीतरी करून दाखविण्याची घाईही सुरू होते. रसपंचकाचे पत्ते, दिनचर्येची सापशिडी, त्रिदोषांचे फासे असे नाना प्रकार आम्ही प्रदर्शनांतून पाहिले. बहुतेकांची छपाई देखणी होती. तो खेळ खेळून कोण काय शिकले, हा प्रश्न विचारल्यावर मात्र समाधानकारक उत्तर क्वचितच मिळाले.

आमच्या संघापुढेही गेल्या सर्वसाधारण बैठकीत असाच एक प्रस्ताव आला. संदिग्ध द्रव्यांची ओळख शिकविणारा खेळ तयार करावा, तो गुळगुळीत कागदावर बहुरंगी छापून घ्यावा आणि आकर्षक पेटीत घालून महाविद्यालयांस व औषधालयांस द्यावा, असा तो प्रस्ताव. हेतूविषयी कोणाचेच दुमत नाही. परंतु खेळाचा आराखडा करण्याचे काम ज्यांच्याकडे सोपविले गेले, ते आम्ही काही सभासद आज या पानांतून एक विनंती करीत आहोत : छपाई तूर्त थांबवावी. खेळ आधी पाठकोऱ्या कागदावर करावा, तो इतरांकडून खेळवून घ्यावा, चुकला तर मोडावा आणि पुन्हा करावा. यास इंग्रजीत प्रोटोटाइप आणि प्लेटेस्टिंग असे शब्द आहेत. आम्ही त्यांस कच्चा नमुना आणि चाचणीचा डाव असे म्हणू.

हा विषय आमच्यासाठी केवळ करमणुकीचा नाही. आमच्यापैकी एकाच्या औषधालयात काही वर्षांपूर्वी अशोकारिष्टासाठी आलेली साल काढ्याच्या भांड्यात गेल्यानंतर ती दुसऱ्याच झाडाची असल्याचे लक्षात आले. सबंध भांडे ओतून द्यावे लागले. नुकसान सोसले, ते विसरताही येईल. पण त्याआधी किती वेळा अशी साल लक्षात न येता पुढे गेली असेल, या विचाराने आजही अस्वस्थता येते. ज्या स्त्रीरुग्णांनी विश्वासाने ते औषध घेतले, त्यांस आपण काय दिले? अनुसूची टी प्रमाणे कच्च्या मालाची ओळख पटविणे ही निर्मात्याची जबाबदारी आहे हे खरेच. पण कायद्याच्या आधी ती वैद्याच्या सद्सद्विवेकाची जबाबदारी आहे. खेळाची कल्पना या प्रसंगातून निघाली, म्हणून तो खेळ शोभेचा झालेला आम्हांस चालणार नाही.

योग्येचा धडा

कच्चा नमुना ही कल्पना आपणांस परकी वाटण्याचे कारण नाही. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील नवव्या अध्यायात शिष्याकडून योग्या, म्हणजे हाताचा सराव, कसा करून घ्यावा हे सांगितले आहे. छेदनासाठी भोपळा, कलिंगड, काकडी यांसारखी फळे. भेदनासाठी पाण्याने व चिखलाने भरलेल्या चामड्याच्या पिशव्या. लेखनासाठी केसांसह ताणलेले कातडे. वेधनासाठी मृत पशूंच्या शिरा आणि कमळाचे देठ. एषणासाठी किडीने पोखरलेले लाकूड व वेळू. सीवनासाठी वस्त्राचे पदर. बंधनासाठी माणसाच्या आकाराची बाहुली. सर्व शास्त्र मुखोद्गत असूनही ज्याने योग्या केली नाही, तो कर्म करण्यास अपात्र होय, असाच त्या अध्यायाचा आशय आहे.

या यादीकडे आपण कौतुकाने पाहतो, पण तिच्यातील विवेकाकडे पुरेसे लक्ष देत नाही. भोपळा माणसाच्या पोटासारखा दिसत नाही, आणि तसा तो दिसावा असा आग्रहही आचार्यांनी धरलेला नाही. हातास जे शिकावयाचे आहे तेवढ्याच बाबतीत साधन खऱ्यासारखे असले पाहिजे, म्हणजे शस्त्राखाली जाणवणारा प्रतिकार, खोली, निसरडेपणा या बाबतीत. बाकी रूप कसेही असो. शिवाय प्रत्येक कर्मास वेगळे साधन आहे. एकच वस्तू घेऊन आठही कर्मे शिकविण्याचा मोह टाळलेला आहे. शिकविणारा खेळ करणाऱ्याने स्वतःस विचारावयाचा पहिला प्रश्न इथेच सापडतो : या खेळातून नेमके कोणते कर्म शिकावयाचे आहे, आणि माझा नमुना त्या एका बाबतीत तरी खरा आहे काय?

दोन जुने पट

हा प्रश्न न विचारल्यास काय होते, याची दोन उदाहरणे सर्वांच्या परिचयाची आहेत. पहिले मोक्षपटाचे. महाराष्ट्रातील परंपरा त्याचे जनकत्व ज्ञानेश्वर महाराजांकडे देते. पटावरील घरांत सद्गुणदुर्गुणांची नावे, शिड्यांनी चढ आणि सापांनी उतार, शेवटी मोक्ष, अशी त्याची रचना. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हा खेळ इंग्लंडात रूढ झाला आणि पुढे घरांतील नावे गळून नुसते आकडे उरले. आज मुले सापशिडी खेळतात तेव्हा त्यांस एकही सद्गुण आठवावा लागत नाही. असे का झाले? कारण सोंगटी चालते ती दानाप्रमाणे. घरात काय लिहिले आहे यावर खेळणाऱ्याचा कोणताही निर्णय अवलंबून नसतो. नावे वाचून त्यांवर निरूपण करणारा वडीलधारा जवळ असे, तोवर तो पट शिकवीत होता. तो उठून गेल्यावर खेळ तेवढा राहिला.

दिनचर्येची किंवा रसपंचकाची सापशिडी करणाऱ्यांनी म्हणूनच एक सोपी परीक्षा करावी. पटावरील आयुर्वेदाचा सर्व मजकूर पुसून टाकावा आणि मग खेळून पाहावे. खेळ पूर्वीसारखाच रंगत असेल, तर तो मजकूर खेळात नव्हताच, केवळ कागदावर होता.

दुसरे उदाहरण अमेरिकेतले. एलिझाबेथ मॅगी या बाईंनी १९०४ मध्ये 'जमीनदाराचा खेळ' या अर्थाच्या नावाने एका पटाचे पेटंट मिळविले. हेन्री जॉर्ज या अर्थविचारवंताचे त्यांच्यावर संस्कार होते. जमिनीचे भाडे मूठभरांच्या हाती संपत्ती कशी गोळा करते आणि इतरांस कसे कंगाल करते, हे लोकांस खेळताखेळता उमजावे, असा त्यांचा हेतू होता. खेळ घरोघरी पसरला, हाताने नकलून काढला गेला, बदलत गेला आणि १९३५ मध्ये पार्कर ब्रदर्स या कंपनीने तो 'मोनॉपॉली' या नावाने बाजारात आणला. आपल्याकडे 'व्यापार' म्हणून कित्येक घरांत खेळला गेलेला पट त्याच कुळातला. तो खेळताना भाड्याच्या अन्यायाविषयी कोणास कळवळा आल्याचे आम्हांस स्मरत नाही. समोरच्याचे दिवाळे काढण्याचा आनंद मात्र सर्वांस आठवतो. खेळ ज्या कृतीस बक्षीस देतो तीच खेळणारा शिकतो, मग कर्त्याच्या मनात काहीही असो.

मॅगीबाईंच्या हेतूचे असे झाले, तर आमच्या हेतूचे वेगळे काही होईल हे आम्ही गृहीत का धरावे? ते खेळूनच पाहिले पाहिजे.

पहिला नमुना : चिठ्ठ्या

आम्ही पहिला नमुना जुन्या कॅलेंडरांच्या पाठकोऱ्या बाजूवर केला. एका चिठ्ठीवर द्रव्याचे चित्र, दुसरीवर नाव, तिसरीवर रस, वीर्य व विपाक. तिन्ही जुळवावयाच्या आणि ज्याच्या जोड्या अधिक तो जिंकला. मासिक सभेनंतर विद्यार्थी, तरुण वैद्य आणि एका काष्ठौषधींच्या दुकानात आयुष्य घालविलेले एक वयस्क मदतनीस अशा मंडळींस बसविले. डाव उत्साहात झाला. एक विद्यार्थिनी पहिली आली आणि मदतनीस काका शेवटचे. सर्वांनी खेळ छान असल्याचे सांगितले. आम्हांसही आनंद झाला.

चहाच्या वेळी एका सभासदाने पिशवीतून दोन साली काढून मेजावर ठेवल्या. एक सीता अशोकाची, दुसरी उद्यानांतून व रस्त्यांच्या कडेला सरळसोट वाढणाऱ्या त्या झाडाची, ज्यास आपल्याकडे लोक सर्रास अशोकच म्हणतात. जिंकलेल्या विद्यार्थिनीने दुसरी साल खरी म्हणून उचलली. काकांनी दोन्ही तुकडे मोडले, आतील रंग पाहिला, वास घेतला आणि योग्य साल बाजूला काढली. आमच्या खेळात जो शेवटचा आला त्याच्याच हाती औषध सुरक्षित होते. आम्ही पाठांतराची परीक्षा घेतली होती आणि तिला ओळख असे नाव दिले होते. हा खेळ बहुरंगी छापला गेला असता, तर त्या विद्यार्थिनीस आपण द्रव्ये ओळखतो असा खोटा विश्वास तेवढा मिळाला असता.

कच्च्या नमुन्याचा मोठा लाभ असा की, तो टाकून देताना वाईट वाटत नाही. चिठ्ठ्यांस एक दुपार आणि एक कात्री लागली होती. छापलेल्या पेट्यांचे गठ्ठे कार्यालयात पडले असते, तर हाच दोष आम्ही कदाचित मान्यही केला नसता.

दुसरा नमुना : बरण्या आणि चिंचोके

दुसऱ्या वेळी खरी द्रव्ये घेतली. लहान काचेच्या बरण्यांत अशोकाच्या दोन्ही साली. नागकेशराचे पुंकेसर आणि बाजारात तांबडे नागकेशर म्हणून मिळणाऱ्या सुरंगीच्या कळ्या. आपल्याकडे ब्राह्मी म्हणून विकली जाणारी मंडूकपर्णी आणि जलब्राह्मी. शंखपुष्पी आणि विष्णुक्रांता. वावडिंगाच्या दोन जाती. एकाने वैद्य होऊन चिठ्ठी लिहावयाची, दुसऱ्याने दुकानदार होऊन योग्य बरणी पुढे करावयाची. हिशेबास चिंचोके. बरोबर पुडीस दोन चिंचोके मिळावयाचे, चुकीस एक जावयाचा, आणि आधी उत्तर देणाऱ्यास एक जास्त. खेळास रंगत यावी म्हणून वेळेची अट आमच्यापैकीच एकाने सुचविली होती.

रंगत आली, आणि चांगलीच आली. मंडळी बरणीकडे न पाहताच हात पुढे करू लागली. प्रथम आम्हांस त्यांच्या उतावीळपणाचा राग आला. नंतर हिशेब मांडला तेव्हा दोष आमचाच निघाला. दोन सारख्या बरण्यांतून डोळे मिटून एक उचलली तरी निम्म्या वेळा दोन चिंचोके मिळतात आणि निम्म्या वेळा एकच जातो. म्हणजे अंदाजाने पुड्या बांधणारा दुकानदार शेवटी फायद्यातच राहतो. वर घाईचे बक्षीस वेगळे. जी सवय मोडण्यासाठी आम्ही हा उपद्व्याप आरंभिला, तीच आम्ही चिंचोके देऊन शिकवीत होतो. मॅगीबाईंची गोष्ट आम्ही सर्वांनी वाचलेली होती, तरीही.

तेव्हा वेळेची अट काढली. बरोबर पुडीस एक चिंचोका, चुकीस तीन दंड, आणि 'पुडी बाजूला ठेवतो, विचारून सांगतो' असे म्हणण्याची मुभा. त्यास बक्षीस नाही, दंडही नाही. या हिशेबात चारांपैकी तीनहून अधिक वेळा आपण बरोबर ठरू असा भरवसा असल्यासच बरणी पुढे करणे परवडते. आता उलटे झाले. सावध मंडळींनी प्रत्येकच पुडी बाजूला ठेवली आणि एकही द्रव्य न ओळखता डाव सुरक्षितपणे संपविला. असे दुकान चालणार नाही, आणि असा विद्यार्थी शिकणारही नाही.

तिसऱ्या फेरीत म्हणून नियम जोडला : पुडी बाजूला ठेवणाऱ्याने कोणत्या लक्षणाविषयी शंका आहे ते मोठ्याने सांगावे. सालीचा आतील रंग पाहावयाचा आहे, पानाची कड पाहावयाची आहे, हे पुंकेसर आहे की कळी आहे, असे काहीतरी नेमके. शंका योग्य असेल तर त्याने बरणी उघडून भिंगाने पाहावे आणि पुन्हा निर्णय द्यावा. तीनहून अधिक पुड्या शेवटपर्यंत तशाच राहिल्या, तर प्रत्येकी एक चिंचोका दंड. हा नियम येताच खोलीतील बोलणे बदलले. हार-जीत मागे पडली आणि मंडळी एकमेकांस भेदक लक्षणे विचारू लागली. चरकाचार्यांनी विमानस्थानात तद्विद्यसंभाषेचे जे महत्त्व सांगितले आहे, त्याचे एक लहानसे रूप त्या मेजाभोवती दिसले. काकांनी त्या दुपारी जितके शिकविले, तितके आमच्या कोणत्याही चिठ्ठीवर लिहिलेले नव्हते.

बुचाची खूण

इतके झाल्यावर खेळ सिद्ध झाला असे वाटून आम्ही पुन्हा छपाईच्या गोष्टी बोलू लागलो. एका तरुण वैद्याने मात्र पाठोपाठच्या डावांत एकही चूक केली नाही, याचे कुतूहल वाटून त्यास कारण विचारले. तो हसून म्हणाला, "अशोकाच्या बरणीचे बूच तुटलेले आहे, आणि सुरंगीच्या बरणीवर जुन्या चिकटपट्टीचा डाग आहे." आम्ही बरण्या बदलल्या, दुसऱ्या व्यापाऱ्याकडील माल आणला, जुना व नवा, अखंड व तुटका असा मिसळला, त्याचे यश ताबडतोब ओसरले. त्याने लबाडी केली असे आम्ही म्हणत नाही. जी खूण सर्वांत स्वस्त तीच माणूस पकडतो. ती कोणती, हे खेळ करणाऱ्यास घरी बसून सुचत नाही.

यावरून एक गोष्ट आमच्या मनात पक्की झाली. शिकणे झाले की नाही, हे खेळात पाहून उपयोगाचे नाही. ते खेळाबाहेर पाहिले पाहिजे. या बाबतीत अमेरिकेतील एक प्रयोग अनुकरणीय आहे. कर्करोगाने पीडित किशोरांसाठी व तरुणांसाठी होपलॅब या संस्थेने 'री-मिशन' हा संगणकीय खेळ २००६ मध्ये प्रसिद्ध केला. खेळणारा शरीरात शिरून रोगपेशींशी लढतो, अशी त्याची योजना. मुलांस खेळ आवडला, एवढ्यावर त्या मंडळींनी समाधान मानले नाही. ३४ रुग्णालयांतील १३ ते २९ वर्षांच्या ३७५ रुग्णांवर केलेली त्याची चाचणी २००८ मध्ये 'पेडिॲट्रिक्स' या नियतकालिकात प्रसिद्ध झाली. एका गटास केवळ सामान्य खेळ दिला, दुसऱ्यास त्याबरोबर हाही. खेळातील गुणांची बेरीज त्यांनी निर्णायक मानली नाही. घरी औषधाची कुपी किती वेळा उघडली गेली याची आपोआप होणारी नोंद आणि रक्तातील औषधाचे प्रमाण तपासले. हा खेळ खेळलेल्या गटात औषधे नियमित घेण्याचे प्रमाण अधिक आढळले. आपणांस अशी यंत्रे नकोत. पंधरा दिवसांनी नव्या बरण्यांत, नव्या मालावर, खेळाचा उल्लेखही न करता तीच द्रव्ये ओळखावयास सांगणे पुरे आहे. आम्ही तसे केले. नागकेशराची जोडी बहुतेकांच्या ध्यानात राहिली होती. अशोकाच्या सालीत सुधारणा दिसली. वावडिंगाच्या दोन जातींत मात्र गोंधळ जसाच्या तसा होता. ही जोडी आमच्या खेळाच्या आवाक्यातील नाही, तिच्यासाठी तज्ज्ञाचा व प्रयोगशाळेचाच आधार घ्यावा, असा निर्णय आम्ही केला. खेळास काय जमत नाही हेही चाचणीनेच कळते.

सिद्धिलक्षणे आधी ठरवावीत

औषधनिर्मात्यांस हे समजावून सांगण्याची वस्तुतः गरज नाही. नवा अवलेह कोणीही एकदम मोठ्या कढईत टाकीत नाही. आधी लहान पातेल्यात करून पाहतो. पाक सिद्ध झाला की नाही हे कढईच्या चकाकीवरून ठरत नाही. अवलेहास तार सुटली पाहिजे, पाण्यात टाकल्यास तो बुडाला पाहिजे, दाबल्यास बोटाची मुद्रा उमटली पाहिजे. स्नेहपाकात कल्काची वात वळली पाहिजे आणि ती अग्नीवर धरली असता तडतडता कामा नये. ही लक्षणे पाकाच्या आधी ठरलेली असतात, पाक झाल्यावर सोयीने शोधलेली नसतात. खेळाचेही तसेच असावे. 'या डावानंतर खेळणारा अशोकाची साल नव्या मालातून ओळखील' असे एक वाक्य आधी लिहून ठेवावे आणि मग नमुन्यास हात घालावा.

चाचणीचा डाव पाहणे हेदेखील रुग्णपरीक्षेसारखेच आहे. आधी दर्शन, मग प्रश्न. खेळ करणाऱ्याने बाजूस बसावे आणि बोलू नये. आमच्यातील एक ज्येष्ठ वैद्य पहिल्या दोन डावांत दर अडचणीला धावून नियम समजावीत होते. त्या डावांतून आम्हांस काही कळले नाही, कारण पेटीबरोबर ते ज्येष्ठ वैद्य घरोघरी जाणार नव्हते. मंडळी कोठे थांबली, कोणता नियम दोनदा वाचला, कोणी कंटाळून खिडकीबाहेर पाहिले, हे टिपून ठेवावे. नंतर विचारावे, पण उत्तर सुचवून विचारू नये. रुग्णास 'पोटात जळजळते ना?' असे विचारले की तो 'हो' म्हणतो. 'खेळ आवडला ना?' या प्रश्नाचेही तेच होते. 'तुम्ही ती बरणी का उचललीत?' असे विचारावे. आणि एका वेळी एकच बदल करावा; चार द्रव्ये एकदम बदलली तर उपशय कशाने आला ते कळत नाही.

आक्षेपांविषयी

काही वैद्यमित्र म्हणतात की, खेळ हे मुलांचे काम आहे; शास्त्रास ते शोभत नाही. त्यांस आमचे उत्तर योग्येच्या अध्यायात आले आहे. काहींचा आक्षेप अधिक गंभीर आहे : डोळ्यांनी व नाकाने केलेली ओळख पुरेशी मानण्याची सवय लागेल आणि प्रयोगशाळा मागे पडेल. हा धोका खरा आहे. चूर्ण झालेले द्रव्य डोळ्यांनी ओळखता येत नाही, आणि तसा दावा कोणत्याही खेळाने करू नये. मात्र प्रयोगशाळेत नमुना पाठवावा असा संशय आधी कोणाच्या तरी मनात यावा लागतो. गोणी उघडणाऱ्याच्या मनात तो येण्याची सवय लावणे, एवढीच आमच्या खेळाची मर्यादित आकांक्षा आहे. संदिग्धता शास्त्रातही आहे, तिचा न्याय खेळाने करू नये. रास्ना म्हणून उत्तरेकडे एका झुडपाची पाने, दक्षिणेकडे कुलंजनाचा कंद आणि बंगालकडे वृक्षांवर वाढणाऱ्या ऑर्किडची मुळे वापरली जातात. असा वाद चिंचोक्यांनी सुटावयाचा नाही. अशी द्रव्ये आम्ही खेळातून वगळली.

एक पथ्य मात्र कटाक्षाने पाळावे. वत्सनाभ, कुचला, गुंजा, भल्लातक यांसारखी अनुसूची ई (१) मधील विषद्रव्ये चाचणीच्या मेजावरही आणू नयेत, आणि डावात कोणतेही द्रव्य जिभेवर ठेवण्याची मुभा देऊ नये. रसपरीक्षा गुरूंसमोर, ओळख पटलेल्या द्रव्यावर करावयाची असते.

विनंती

म्हणून संघाच्या कार्यकारिणीस आमची विनंती आहे की, पेटीच्या छपाईची तरतूद तूर्त राखून ठेवावी आणि तीतील अल्पसा भाग बरण्या, भिंगे व खात्रीचे नमुने यांवर खर्च करावा. प्रत्येक शाखेने एक दुपार द्यावी. विद्यार्थी व वैद्य यांच्याबरोबर गोण्या उघडणारे, भरड करणारे, पुड्या बांधणारे मदतनीस त्या मेजावर असलेच पाहिजेत. त्यांच्यावाचून झालेली चाचणी आम्ही चाचणी मानणार नाही. आमचे नियम आम्ही एका कागदावर लिहून ठेवले आहेत. शाखांनी ते न्यावेत, आणि खेळताना त्यांत जे जे मोडेल ते आम्हांस कळवावे. स्तुतीपेक्षा त्याचाच आम्हांस अधिक उपयोग आहे.

अशोकारिष्टाचे ते भांडे ओतून देताना आमच्या सहकाऱ्याने गोणी उघडणाऱ्या मुलास रागे भरले होते. नंतर चौकशी केली, तेव्हा त्या मुलास खरी साल कोणीच कधी हातात दिली नव्हती असे कळले. पुढील सभेत तो मुलगाही मेजावर बसणार आहे.